विहिरीचं नाव सांगा, सरबत अर्ध्या दरात

मागच्या मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमाराला, दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा सायकल ढकलत आमच्या गाड्यापाशी आला. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या प्लॅस्टिकच्या घागरी बांधलेल्या, चालताना त्या चाकाला घासून खरखर वाजत होत्या. डोक्याला दस्ती, तीही घामानं भिजलेली. गाड्याच्या पाटीवर आक्काच्या गोल, टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं : ‘तुमच्या गावच्या विहिरीचं नाव सांगा, सरबत अर्ध्या दरात.’ त्यानं ते ओठ हलवत दोनदा वाचलं. खिशातलं पाचाचं नाणं काढून मुठीत धरलं आणि विचारलं, “विहिरीचं नाव नाही ओ. आमच्या गावात टँकर येतंय. टँकरचं नाव सांगितलं तर चालतंय का?”

आक्का म्हणाली, “सांग की.” मग तो सांगत सुटला. दोन टँकर येतात. एकाच्या मागं ‘जय मल्हार’ लिहिलंय, दुसरं बिननावाचं, लाल. लालवाल्याचा हॉर्न फाट्यावरूनच ओळखू येतो. जय मल्हारवाला ड्रायव्हर चांगला, म्हाताऱ्या माणसांना आधी भरू देतो. सोमवारी टँकर येत नाही, कामून ते ठाऊक नाही. आक्कानं पाच रुपये घेतले आणि चिंचेच्या सरबताचा ग्लास त्याच्या हातात दिला. तो एका दमात प्याला, तळाशी राहिलेलं जिरं बोटानं चाटलं आणि गेला. माझ्या मांडीवर वही उघडी होती, पेनही हातात होतं.

मला ते लिहिता येईना.

हा गाडा आमच्या दोघींचा. आक्का माझी लहानपणापासूनची मैत्रीण. घरात थोरली, म्हणून घरचे आक्का म्हणायचे, पुढं गल्लीही म्हणायला लागली. ती शाळेत चित्रकला शिकवते, मी दहावीच्या शिकवण्या घेते. परीक्षा संपल्या की पुढचे दोन-अडीच महिने दोघींचे हात रिकामे. लातूरहून निलंग्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, फाट्यावर, एक कडुलिंबाचं मोठं झाड शिल्लक आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा त्याच्या जोडीची झाडं गेली, हे तेवढं वाचलं. त्याच्या सावलीत बसून सरबत विकायचं, ही कल्पना आक्काची. एका गोळेवाल्यानं मोडीत काढलेला हातगाडा तिनं घेतला आणि रंगवला. एका बाजूला मोर, दुसऱ्या बाजूला एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढलेली बाई, पुढच्या फळीवर नुसत्या कैऱ्या. लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या डोक्यावर धरतात ती झालरीची, आरसे लावलेली छत्री तिनं एका बँडवाल्याकडून जुनी म्हणून आणली. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याच्या भिंगऱ्या करून गाड्याच्या कडेनं खोचल्या. वारं सुटलं की त्या सगळ्या एकदम फिरतात आणि छत्रीच्या आरशांचे कवडसे रस्त्यावर पळतात. ट्रकवाले वेग कमी करतात ते आधी त्या कवडशांसाठी. पहिल्या दिवशी एक म्हातारी थांबून म्हणाली होती, “पोरींनो, काय इकूलालात? का लगीन हाय कुणाचं?”

रोज एकच पेय, हा आमचा नियम. सकाळी आभाळ बघून आक्का ठरवते. आभाळ पांढरंफटक, वारा बंद असेल तर पन्हं. झळा लागत असतील तर चिंच. ढग येऊन नुसतीच उकाड करत असतील तर आंबील. लिंबू-सब्जा आणि बेलफळ मधेमधे. लोक आधी वैतागायचे, “ताई, काल चिंचेचं होतं म्हणून आज मुद्दाम थांबलो की.” पुढं पुढं त्यांनाही गोडी लागली. दुधाच्या कॅना घेऊन जाणारा एकजण तर सकाळी जाता जाता गाडी न थांबवता ओरडायचा, “आज आंबील हाय बघा!” आणि बऱ्याचदा त्याचं बरोबर असायचं.

आंबिलीचं मला विशेष वाटतं. रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजत घालायचं, सकाळी आंबूस वास सुटला की उकळत्या पाण्यात सोडून शिजवायचं, वरून ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, आणि गार झालं की परत ताक. हे घरचं पेय. जात्यावर बसणाऱ्या बायकांचं, रानात जाणाऱ्यांचं, भाकरी कमी पडली तर वेळ मारून नेणारं. ते विकत कोण घेईल, अशी मला धास्ती होती. पण सगळ्यात जास्त वेळ लोक उभे राहतात ते आंबिलीच्या दिवशी. लातूरच्या क्लासेसला निघालेली मुलं नाक मुरडतात आणि त्यांना सोडायला निघालेले बाप दुसरा ग्लास मागतात. एकानं ग्लास हातात घेऊन नुसता वास घेतला आणि बराच वेळ प्यायलाच नाही.

बर्फ आम्ही वापरत नाही. खायचा बर्फ आणि कारखान्यातला बर्फ वेगळा ओळखू यावा म्हणून 2018 पासून न खायच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात झाला, तरी मे महिन्यात फाट्यापर्यंत लादी येईतो तिचं निम्मं पाणी होतं, आणि ते पाणी कुठलं हे कोण सांगणार? त्यापेक्षा माठ बरे. आमच्याकडची हवा कोरडी, म्हणून माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी भराभर उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत हाच माठ एवढा गार पडत नाही. त्याला ओलं पोतं गुंडाळायचं, खाली वाळू भिजवून ठेवायची, आणि वाऱ्याच्या वाटेत ठेवायचा. वाऱ्याची वाट रोज थोडी बदलते. ती शोधण्यात माझी सकाळ जाते आणि हे काम मला फार आवडतं. एक माठ नुसत्या पाण्याचा असतो. त्याचे पैसे नाहीत. सरबताचा गाडा टाकायचा तर शेजारी पाणपोई पाहिजेच, यावर आमची दोघींची चर्चासुद्धा झाली नव्हती.

चर्चा झाली ती ग्लासांवरून. आक्काला स्टीलचे पाहिजे होते. कागदी कपातून आंबील पिणं तिला सहनच होत नाही, आणि कप उडून शेजारच्या रानात जातात, बैलाच्या पोटात जातात. पण स्टीलचा ग्लास धुवायला पाणी लागतं. सरबताला लागणारं पाणी आम्ही जारचं विकत आणतो, कारण इथलं बोअरचं पाणी इतकं जड की त्यात डाळ शिजत नाही. धुण्याचं पाणी मात्र जवळच्या रानातल्या बोअरचं, मालकानं मोठ्या मनानं दिलेलं. मे सरता सरता तेही हुंदके देत यायला लागतं. एका ग्लासातलं सरबत आणि तो ग्लास धुवायचं पाणी, दोन्ही जवळपास सारखंच. शेवटी दोन बादल्या ठेवल्या, एकीत विसळायचं, दुसरीत खळबळायचं, आणि दिवस मावळताना दोन्ही लिंबाच्या बुडाशी ओतायच्या. बरेच लोक ग्लास ओठाला न लावता वरूनच पितात. आमच्या भागात ही सवय अजून टिकून आहे. त्या मागच्या सगळ्या गोष्टी चांगल्या नाहीत, हे मला नंतर कळलं.

विहिरींचं सुचलं ते योगायोगानं. एका ड्रायव्हरला आक्कानं गाव विचारलं, तो म्हणाला, “वालूर. चक्राकार बारव हाय बघा आमची, पायऱ्या गोल गोल खाली जातेत.” सेलू तालुक्यातल्या या माणसाला गावाची ओळख म्हणून आधी बारव आठवली. आक्कानं दुसऱ्याच दिवशी पाटी रंगवली आणि शाळेची एक दोनशे पानी वही माझ्या हातात दिली. ग्लास 10 रुपयांचा, विहिरीचं नाव सांगेल त्याला 5 ला.

लोक सांगायला लागले. गोडी विहीर, खारी विहीर. पिराची विहीर, महादेवाची बारव. म्हातारीचा आड. मोटेची विहीर, जिथं आता मोट काय, मोटारही चालत नाही. एक बीडचा ट्रकवाला खजाना विहिरीबद्दल इतक्या अभिमानानं बोलला की जणू सोळाव्या शतकात ती बांधताना तो हजर होता. दुष्काळात सगळं आटतं, खजाना आटत नाही, हे त्यानं तीनदा सांगितलं. संभाजीनगरच्या एका कुटुंबानं विहीर नाही म्हणून मलिक अंबरच्या नहरींचं नाव दिलं. जमिनीखालून खापरी नळांनी शहरभर फिरवलेलं पाणी, चारशे वर्षांपूर्वीचं. आक्का म्हणाली, चालेल. लोक नावावर थांबायचे नाहीत. कुणी पोहायला कुठून उडी मारायचे ते सांगायचं, कुणी आईच्या हातावरचे दोराचे घट्टे सांगायचं, कुणी कासव होतं म्हणायचं. पाच रुपये वाचवण्यासाठी एवढं कोणी सांगत नाही.

किल्लारीच्या बाजूची एक बाई लेकीकडं निघालेली, पन्नाशीची. तिनं विचारलं, “जुन्या गावातली सांगू का नव्या?” 30 सप्टेंबर 1993 नंतर ज्यांची गावं उठून दुसरीकडं बसली, त्यांना हा प्रश्न पडणारच. नव्या गावात नळ आहेत, टाकी आहे, घरांच्या रांगा सरळ आहेत. जुन्या गावात, पडलेल्या दगडांच्या मधे, आड अजून आहे म्हणाली. पहाटे भूकंप झाला त्याच्या आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, आणि रात्री आडावरून आणलेल्या दोन घागरी उंबऱ्यापाशी होत्या. पुढचं ती काही बोलली नाही. ग्लास परत देताना तिनं आडाचं नाव मला पुन्हा एकदा नीट सांगितलं आणि मी लिहिलेलं वाचून दाखवायला लावलं.

आणि एकदा एक निवृत्त एसटी कंडक्टर आले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. पाटी वाचली, वही मागितली, चष्मा लावून चार-पाच पानं शांतपणे वाचली. त्यात त्यांच्या गावच्या विहिरीचं नाव आधीच होतं, कुणीतरी खूप प्रेमानं सांगितलेलं. ते म्हणाले, “या विहिरीच्या पायरीवर माझ्या आज्याला चढू देत नव्हते. आमच्या आयाबाया खाली उभ्या राहायच्या, कुणाला दया आली तर वरून ओतायचं. आमच्या वस्तीतला आड वेगळा होता, खरबरीत पाण्याचा. त्याला कुणी नाव दिलं नाही.” आवाज जराही चढला नव्हता. त्यांनी 10 रुपयांची नोट दिली. आक्का पाच परत द्यायला लागली तर म्हणाले, “राहू द्या. मी नाव कुठं सांगितलं?”

ते गेल्यावर त्या दिवशी आम्ही दोघी फारसं बोललो नाही. गोडी विहीर, गोडी विहीर म्हणून पान भरलं होतं, आणि ती गोडी कुणाकुणाच्या वाट्याला आली, याचा रकाना वहीत नव्हता. महाडचं तळं आम्ही पुस्तकात शिकलो, 1927 साल पाठ आहे. पण आमच्या फाट्यापासून हाकेच्या अंतरावरच्या गावात, माझ्या आजोबांच्या वयाच्या माणसाच्या डोळ्यांसमोर ते चालू होतं, आणि मी सरबताची किंमत त्याच विहिरीच्या नावावर कमी करत होते. आक्कानं त्या रात्री गावच्या विहिरीच्या पानावर, समासात, लाल शाईनं त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. नाव न घालता. मला ते योग्य वाटलं, अजूनही वाटतं. तेव्हापासून कुणी खूप रंगून सांगायला लागलं की मी विचारते, “सगळं गाव भरायचं का तिथं?” काहीजण गप्प होतात. काहीजण खरं सांगतात.

हे एवढं झाल्यावर तो टँकरवाला पोरगा आला होता, म्हणून माझा हात थांबला. माझं म्हणणं असं होतं की विहीर गावाची असते, टँकर गावात येतो. उद्या येणारही नाही. विहिरींच्या वहीत टँकर लिहिला, तर हे असंच चालायचं हे आपणच कबूल केलं. आक्काचं म्हणणं, त्या लेकराला हॉर्नवरून पाणी ओळखता येतं, ड्रायव्हरचा स्वभाव ठाऊक आहे, वार पाठ आहे. आपल्या आज्यांना विहिरीचं जेवढं ठाऊक होतं तेवढंच त्याला टँकरचं ठाऊक आहे. त्याला अर्ध्या दरात सरबत दिलं, मग वहीत जागा का नाही?

माझ्या हट्टाच्या मुळाशी 2016 होतं, हे मला वाद घालतानाच जाणवत होतं. त्या उन्हाळ्यात आम्ही लातूर शहरात होतो. मांजरा धरण कोरडं, पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून 144 कलम, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं 50 वाघिणी यायला लागल्या. लोक स्टेशनवर बघायला गेले होते. मला रेल्वेपेक्षा घरातलं आठवतं. आमच्याकडं दारात पाय ठेवला की आधी गूळपाणी. त्या वर्षी पाहुणे दारातूनच म्हणायचे, “पाणी नका आणू, आत्ताच पिऊन आलो.” सगळे हेच म्हणायचे, आणि आई आग्रह करायची नाही. तिला आग्रह करावासा वाटायचा हे तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. पाण्याचा आग्रह करता न येणं म्हणजे काय, ते मी त्या चेहऱ्यावर पाहिलं. गाड्याशेजारचा तो फुकट पाण्याचा माठ बहुतेक तिथूनच आलाय. मला टँकर वहीत नको होता, कारण ते वर्ष मला कुठंच नको होतं.

पुढच्या आठवड्यात मी त्या पोराच्या गावाला गेले. स्कूटीवर पाऊण तास. गावाच्या कडेला विहीर होती. चांगली बांधीव, काळ्या दगडाची, रहाटाचे खांब अजून उभे. आणि तिच्या काठाला टेकून लाल टँकर उभा होता, त्याचा जाड पाइप सरळ विहिरीत सोडलेला. पाणी धबधबा आत पडत होतं आणि चारही बाजूंनी बायका, पोरं दोऱ्या टाकून तेच पाणी वर ओढत होती. टँकरनं आणलेलं पाणी विहिरीत ओतायचं आणि विहिरीतून शेंदायचं. बऱ्याच गावांत असंच करतात, कारण शंभर घागरी एका नळीला लावता येत नाहीत. आत डोकावले तर तळाचा खडक दिसत होता, पाणी पडलं तेवढ्यापुरता ओला. एका आजोबांना विहिरीचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, बांधली कधी तेही सांगितलं, आणि शेवटचा स्वतःचा झरा कुठल्या साली दिसला तेही. तो पोरगा पलीकडच्या बाजूला दोरी ओढत होता. त्यानं मला ओळखलं आणि लाल टँकरकडं बोट दाखवलं.

वहीत मी दोन्ही लिहिलं. विहिरीचं नाव, त्याखाली जय मल्हार, आणि बिननावाचा लाल. आक्का वाचून काही म्हणाली नाही, पाटी मात्र तिनं नव्यानं रंगवली : ‘तुमचं पाणी कुठलं, ते सांगा.’

मृगाचा पहिला शिडकावा झाला तसा गाडा झाकून ठेवला. आता परत फेब्रुवारी आलाय आणि चिंच घ्यायची वेळ झाली. पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्याकडं चिंचेच्या गप्पा जरा ताठ मानेनं होतात. पण झाडं अजून पूर्वीसारखीच गुत्त्यानं, म्हणजे उक्त्या ठेक्यानं जातात, जीव मुठीत धरून शेंड्यापर्यंत चढून झोडपणारी माणसं तीच, आणि दारात बसून टरफल, शिरा, चिंचोके वेगळे करणाऱ्या बायकांना मजुरी किलोवर. आम्ही या वेळी न फोडलेली चिंच घेतली आणि आक्काच्या अंगणात चौघीजणी फोडायला बसवल्या, बाजारापेक्षा चांगल्या दरानं. आंबट वास सगळ्या गल्लीत. ग्लास 10 चाच ठेवायचा की गूळ महागलाय म्हणून 12 करायचा, यावर आमचा घोळ चालू होता. तेवढ्यात एकीनं वहीकडं बोट दाखवून विचारलं, त्यात काय लिवलंय. आक्कानं वाचून दाखवलं. तर तिनं चिंच फोडता फोडता तिच्या माहेरच्या विहिरीचं नाव सांगितलं, अन् पाणी अमृतासारखं गोड म्हणाली. शेजारची त्याच गावची निघाली. तिनं हातातली चिंच खाली टाकली. “गोड? त्या विहिरीचं? अगं मचूळ होतं, मचूळ! गोड पाणी खालच्या आडाचं, आमच्या आळीतल्या.” “तुमच्या आळीला कोण येतंय पाणी प्यायला?” “न्हाई कसं, तुझी मायच यायची की, अंधार पडल्यावर!” आक्का म्हणाली, दोन्ही लिहिते, आणि पान उलटलं. पण तोवर तिसरी उठून मधे आली होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या दोघींनाही त्या गावचं पाणी कळलेलंच नव्हतं.